एमडी पीएसएम करू की सायकियाट्री? व्यसनमुक्तीत डॉक्टरचं करिअर होतं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. एमबीबीएस झालंय, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडवर मेडिकल ऑफिसर आहात. ओपीडीत रोज दारूचे आणि खर्र्याचे रुग्ण दिसतात आणि याच कामात पडावं असं वाटायला लागलंय. पण वाट ठरत नाही. पीएसएममध्ये (म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रात) एमडी करावं, सायकियाट्रीची सीट मिळेपर्यंत नीट-पीजी देत राहावं, की सरळ एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी) करून एखाद्या संस्थेत शिरावं? आणि शेवटी एक ओळ: ‘घरचे म्हणतात, दारुड्यांचा डॉक्टर होऊन काय मिळणार?’

मी स्वतः पीएचसीपासून सुरुवात केली, मग पीएसएममध्ये एमडी, मग काही वर्षं जिल्ह्याच्या कार्यक्रमांची जबाबदारी, आणि आता बरीच वर्षं व्यसनमुक्तीची ओपीडी. तेव्हा माझं मत कुठे झुकलेलं असणार हे धरूनच पुढचं वाचा.

सीटचा प्रश्न खरा आहे, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. खुर्चीत बसलेला माणूस सांभाळायचा आहे, की तो संध्याकाळी ज्या गावात परत जातो ते गाव? तुम्ही म्हणाल, दोन्ही. म्हणा, हरकत नाही. फक्त या दोन कामांचे पगार वेगळ्या खात्यांतून होतात, दोन्हींच्या बैठका वेगळ्या, आणि सरकारी व्यवस्था तुम्हाला यातल्या एकाच कप्प्यात बसवायला बघते. व्यसनाच्या क्षेत्रात मात्र एक सोडून दुसरं केलं तर दोन्ही अर्धवट राहतात, असं माझं ठाम मत आहे. ते कसं, हे आधी सांगते. डिग्रीकडे मग येऊ.

आधी दवाखाना. व्यसनावरचा उपचार म्हणजे समुपदेशन, समुपदेशन म्हणजे समजावणं, आणि समजवायला डॉक्टर कशाला हवा, असं आपल्यातल्याच पुष्कळांना वाटतं. हा समज ऑर्थोपेडिक वॉर्डात तिसऱ्या रात्री मोडतो. ट्रॅक्टरवरून पडून मांडीचं हाड मोडलेला चाळिशीतला माणूस. पहिल्या दिवशी शांत. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप नाही. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसतात, तो सलाइन उपटतो, सिस्टर त्याचे हात बांधतात आणि नातेवाईक म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी लागलं.’ रोज किती घेता आणि शेवटची कधी घेतली, हे दोन प्रश्न भरतीच्या वेळी कुणी विचारलेलेच नसतात. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की थरथर सहा तासांतही सुरू होते, फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते आणि डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, भास आणि थरथर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. उपचार न झालेला डिलिरियम जीव घेतो. ब्राउन शुगर तुटलेला तरुण लोळतो, ओकतो, आईला शिव्या देतो, पण बाकी तब्येत धड असेल तर सहसा मरत नाही. दारू तुटलेला मरू शकतो. घरचे लोक मात्र पहिल्याला घाबरून इस्पितळात आणतात आणि दुसऱ्याला ‘उतरेल दोन दिवसांत’ म्हणून खोलीत कोंडतात.

याचा एक खास आपल्याकडचा हंगाम आहे. गटारी झाली की श्रावण पाळणारे रोजचे पिणारे एका रात्रीत बंद करतात. भावना चांगली, पण ज्याचं शरीर दहा-पंधरा वर्षं दारूवर चाललंय त्याला पहिल्या श्रावणी सोमवारच्या आसपास फिट येते. हे तुमच्या पीएचसीच्या दारात येईल. त्यासाठी लागणारी औषधं स्वस्त आहेत: डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, आणि ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व). शेवटचं विसरलं गेलं तर उपाशी पिणाऱ्या माणसाच्या मेंदूवर होणारी इजा कायमची राहू शकते. हे एमबीबीएसच्या पुस्तकात आहे, वॉर्डाच्या सवयीत नाही.

दुसरं उदाहरण औषधापेक्षा अवघड आहे. ओपीडी संपताना एखादी बाई एकटीच येते आणि दाराकडे बघत विचारते, ‘त्यांना न सांगता जेवणात घालायचं काही द्याल का?’ रुग्णाच्या नकळत दारू सोडवण्याच्या जाहिराती तुम्ही वर्तमानपत्रांत आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर पाहिल्या असतील. तिला हवं असतं ते डायसल्फिराम किंवा त्याच्या नावाखाली विकली जाणारी कुठलीतरी पूड. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात जाऊ शकतो. ज्याला माहीत आहे आणि ज्याने होकार दिलाय, अशा माणसासाठी ते उत्तम औषध आहे. नकळत दिलं तर ते विष आहे. तेव्हा ‘नाही’ म्हणायचंच. पण नाही म्हणून तिला परत पाठवलंत तर ती पुडीवाल्याकडे जाईल. पुढची दहा मिनिटं तिच्याशी बोललात, मारहाण होते का विचारलंत, घरातले पैसे कुठे ठेवते ते विचारलंत, पिऊन आल्यावर वाद घालू नका आणि सकाळी बोला एवढं जरी सांगितलंत, तरी उपचार सुरू झाला. रुग्णाने अजून दवाखान्याचं तोंड पाहिलेलं नाही, तरीही. माझ्या अनुभवात पुष्कळ पुरुष बायको किंवा आई दोनतीनदा येऊन गेल्यावरच येतात.

आता गाव. सपाट भागातली पीएचसी साधारण ३० हजार लोकसंख्येसाठी असते, आदिवासी भागात २० हजारांसाठी. २०१९ मध्ये एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात आणि २.७ टक्के लोक दारूच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत. ही राष्ट्रीय सरासरी तुमच्या ३० हजारांना लावली तर सहाशेच्या आसपास माणसं होतात. त्याच पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळतो. म्हणजे तुमच्या सहाशेतले सोळा. तुम्ही कितीही हुशार सायकियाट्रिस्ट झालात तरी आठवड्याच्या एका ओपीडीत सहाशे लोक नीट बघणं शक्य नाही. इथे सार्वजनिक आरोग्य लागतं.

तेही फक्त या सहाशेंसाठी नाही. जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ मध्ये एक मुद्दा मांडला होता: थोडा धोका असलेली पुष्कळ माणसं ही मोठा धोका असलेल्या मोजक्या माणसांपेक्षा एकूण जास्त आजार निर्माण करू शकतात. शनिवारी बाजारातून येताना क्वार्टर मारून मोटरसायकल पुलाच्या कठड्यावर घालणारा तरुण व्यसनी नसतो. तो कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्राच्या रजिस्टरात कधी येणार नाही. दारूमुळे टीबीच्या गोळ्या मधेच सोडणारा, एचआयव्हीची औषधं चुकवणारा, पगाराच्या दिवशी बायकोला मारणारा, हेही बहुतेक त्या सहाशेंच्या बाहेरचे. यांना भरती नको असते. यांना कुणीतरी वेळेवर विचारायला हवं असतं, आणि ते विचारणं डॉक्टरनेच करायला हवं असंही नाही.

याचा चांगला पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात संगत या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक चाचणी केली, ती २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. धोकादायक पद्धतीने पिणाऱ्या, पण अजून पुरते आहारी न गेलेल्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत मोजक्या बैठकांचं समुपदेशन मिळालं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते; स्थानिक, शिकलेली, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. दहा टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो एका पीएचसीत नाही, राज्यभर मिळाला तर काय होईल याचा हिशेब करून बघा. आता गंमत बघा: हे समुपदेशक निवडायचे कसे, त्यांच्यावर देखरेख कोण ठेवणार, त्यांनी कुणाला वर पाठवायचं, हे ठरवायला अशी व्यक्ती लागते जिने स्वतः थरथरणारे हात पाहिलेत आणि जिला कार्यक्रमाचं अंदाजपत्रकही वाचता येतं. तशी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. तुमची नोकरी तिथे आहे.

आता डिग्री. आपल्या देशात एमबीबीएसनंतर थेट ‘अ‍ॅडिक्शन मेडिसिन’ नावाचं एमडी नाही. औपचारिक वाट सायकियाट्रीतून जाते: एमडी किंवा डीएनबी, आणि हवं असेल तर त्यावर दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय किंवा बेंगळुरूचं निम्हान्स इथे अ‍ॅडिक्शन सायकियाट्रीचं डीएम. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे २०१६ मध्ये अ‍ॅडिक्शन मेडिसिनला उपशाखा म्हणून मान्यता मिळाली ती प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनच्या बोर्डाखाली, म्हणजे जवळपास आपल्या पीएसएमवाल्यांच्या घरात, आणि फिजिशियनपासून फॅमिली डॉक्टरपर्यंत सगळे तिकडे जाऊ शकतात. तिकडचे व्हिडिओ बघून इकडची वाट ठरवू नका, एवढ्यासाठीच हे सांगितलं.

तुम्हाला एका माणसासोबत पाऊण तास बसायला आवडत असेल, त्याच गोष्टी चौथ्यांदा ऐकताना चिडचिड होत नसेल, आणि रँक साथ देत असेल, तर सायकियाट्री घ्या. व्यसनासोबत नैराश्य, स्किझोफ्रेनिया, आत्महत्येचे विचार हे सगळं येतंच, आणि ते हातात घेण्याचं प्रशिक्षण तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच येतात, त्यामुळे भरती, संमती, केंद्राची नोंदणी या सगळ्यात सायकियाट्रिस्टच्या सहीला वजन आहे.

रँक साथ देत नसेल तर त्या एका सीटसाठी तीन-तीन वर्षं पुण्यातल्या किंवा नागपूरच्या अभ्यासिकेत बसू नका. हे मी जरा जोरात सांगतेय, कारण हुशार मुलंमुली त्यात झिजताना बघितलीत. त्याच तीन वर्षांत पीएसएमचं एमडी होतं. साथरोगशास्त्र, सांख्यिकी, कार्यक्रमाचं नियोजन आणि सरकारी यंत्रणा आतून कशी हलते हे तिथे शिकता. तोटा असा की तीन वर्षं कुणी तुम्हाला रुग्ण देत नाही आणि हात विसरतात. त्यावर उपाय एकच: आठवड्यातला एक ठरलेला दिवस कॉलेजच्या सायकियाट्री विभागाच्या व्यसनमुक्ती ओपीडीत बसायचं. परवानगीसाठी दोन विभागप्रमुखांच्या दारात उभं राहावं लागेल, राहा. शिवाय मेडिकल ऑफिसरांसाठीची प्रशिक्षणं गाझियाबादच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रात होतात, निम्हान्सकडून ऑनलाइन मार्गदर्शनही मिळतं. ब्युप्रेनॉर्फिनची (ब्राउन शुगरसारख्या व्यसनावरच्या औषधाची) जिभेखालची गोळी रोज समोर बसवून देणारी नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, केंद्रं तर प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टरांवरच चालतात. ही गोळी मेडिकल स्टोअरमध्ये विकत मिळत नाही, व्यसनमुक्ती केंद्रांनाच मिळते. म्हणून ज्याला ओपिऑइडचं, म्हणजे अफू-हेरॉइनसारख्या व्यसनांचं, काम शिकायचं आहे त्याने मुंबईतल्या किंवा पंजाबातल्या अशा केंद्रात काही आठवडे काढलेच पाहिजेत. यवतमाळात बसून ते शिकता येणार नाही.

एमपीएचबद्दल थोडक्यात. मुंबईचं टिस किंवा तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र इथे चांगलं शिक्षण मिळतं. पण एमबीबीएसनंतर लगेच, कर्ज काढून, हातात कुठलाही प्रश्न नसताना करू नका. तीनचार वर्षं जिल्ह्यात काम करून, ‘माझ्या तालुक्यात हे असं का होतंय?’ असा स्वतःचा प्रश्न घेऊन गेलात तर दोन वर्षं सोन्याची होतात.

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरावर कर्ज आहे का? लग्न झालंय का, जोडीदाराची नोकरी कुठे? तालुक्याच्या गावी मुलांची शाळा चालेल का? सरकारी सेवेत कायम होण्याची शक्यता आहे का? कायम असाल तर सेवेतल्या डॉक्टरांच्या पीजी कोट्याचे त्या वर्षीचे नियम बघा, ते बदलत राहतात.

पैशाचंही सांगते, कारण घरच्यांचा प्रश्न तोच आहे. सरकारी कायम नोकरीत तुम्ही इतर मेडिकल ऑफिसरइतकेच कमवाल, कमी नाही. स्वयंसेवी संस्थेत पगार प्रकल्पावर असतो. देणगीदार फिरला की खुर्ची जाते. करारावरची पदं मानधनाची, आणि मार्चअखेर दरवर्षी धाकधूक. खासगीत पैसा आहे, आणि तिथेच सांभाळायचं आहे.

कारण तुम्ही डिग्री घेऊन बाहेर पडलात की वर्षाच्या आत कुणीतरी भेटेल: ‘डॉक्टर, आपलं केंद्र आहे, चाळीस बेड, तुम्ही फक्त व्हिजिटिंग म्हणून नाव द्या, आठवड्यातून एकदा या.’ चांगली केंद्रं आहेत, नाही असं नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे कार्यकर्ते होतात, हे बघायला एकदा जरूर जा. पण दुसऱ्या टोकाला अशी केंद्रंही आहेत जिथे रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून आणतात, मोबाइल काढून घेतात आणि ‘शिस्त’ लावतात. कायद्याने मानसिक रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला बंदी आहे, आणि व्यसनमुक्ती केंद्रालाही मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते. नाव देण्याआधी मी चार गोष्टी बघते: भरतीच्या कागदावर रुग्णाची स्वतःची सही आहे का, पहिल्या आठवड्यात रात्री नर्स असते का, रुग्ण घरी फोन करू शकतो का, आणि मी न कळवता गेले तर दार उघडतात का. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी गाडी अडते.

तुमचा जिल्हा वर्धा आणि चंद्रपूरला लागून आहे, तेव्हा दारूबंदीबद्दल तुम्हाला विचारलं जाणारच. ग्रामसभेत विचारतील, पत्रकार विचारतील. डॉक्टर म्हणून गुळमुळीत उत्तर देऊ नका, पण एका वाक्यातही देऊ नका. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने लोकांची चळवळ आधी उभी केली आणि २०१६ पासून मुक्तिपथच्या रूपाने गावसंघटना आणि उपचार बंदीला जोडले. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. माझं मत असं आहे की सहज मिळणारी दारू कमी झाली तर पिणं कमी होतं, यात शंका घ्यायला जागा नाही. किंमत, दुकानांची संख्या आणि विक्रीच्या वेळा ही सार्वजनिक आरोग्याची सगळ्यात धारदार हत्यारं आहेत, आमच्या समुपदेशनापेक्षा कितीतरी पटीने. पण बंदीचा आदेश आणि गावातल्या बायकांची संघटना यांपैकी एकच मिळणार असेल तर मी संघटना मागेन. आडव्या बाटलीला मतदान करून दुकान बंद पाडलेलं गाव हातभट्टीवरही डोळा ठेवतं. वरून आलेल्या आदेशावर पोलीस पाटलाशिवाय कुणाचा डोळा नसतो. आणि बंदी ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी ते सहाशे लोक कुठे जाणार, हे आधी ठरलेलं हवं. त्यातल्या काहींना फिट येणार आहेत. काही जण मिळेल ते पिणार आहेत. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, तीही बंदी नसलेल्या शहरात, निव्वळ स्वस्त हवी म्हणून.

तंबाखूकडे मी कमी वळले, पण तुमच्या ओपीडीत ती दारूपेक्षा मोठी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, त्यातले बहुतेक धूर न काढता: खर्रा, मशेरी, तपकीर, मळून चुन्यासोबत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रत्येक रुग्णाला तोंड उघडायला सांगा. तीन बोटं उभी जात नसतील तर सुपारीने आतली त्वचा ताठरली आहे. हे त्याला आरशात दाखवा, कारण कॅन्सरच्या फोटोपेक्षा स्वतःचं तोंड जास्त पटतं. विदर्भात बायकांच्या मशेरीबद्दल कुणी विचारतच नाही, गरोदर बाईलासुद्धा नाही. ते काम एएनएमताईंकडे द्या, तुमच्यापेक्षा त्यांना खरं उत्तर मिळेल.

हे काम माणसाला कुठे थकवतं तेही सांगायला हवं. खोटं बोललं जातं, याने नाही. त्याची सवय होते. थकवतं ते पुन्हा सुरू होणं. सहा महिने छान असलेला माणूस पोळ्याला पितो आणि मग तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून वर्षभर येत नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर आपण त्याला हाकलत नाही, डोस बदलतो. इथे मात्र तरुण डॉक्टर ते वैयक्तिक घेतात आणि ‘हे लोक सुधारतच नाहीत’ म्हणून दोन वर्षांत क्षेत्र सोडतात. सहा महिने न प्यायलेला माणूस पुन्हा प्यायला म्हणून ते सहा महिने रद्द होत नाहीत. त्या काळात मुलीची फी भरली गेली, टीबीचा कोर्स पुरा झाला, हे झालेलं असतं. मी निकाल असे मोजते. ओपीडी दर मंगळवारी उघडी असते, पावसात, निवडणुकीत, डॉक्टर बदलला तरी, एवढी खात्री असेल तर ती माणसं परत येतात. माझ्या समजुतीप्रमाणे या क्षेत्रात सगळ्यात जास्त चालणारा उपचार तो आहे. म्हणून डिग्री कुठलीही घ्या, पुढे डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) व्हा किंवा प्राध्यापक, आठवड्याची ती एक ओपीडी आणि तिचं रजिस्टर सोडू नका.

एक कटू गोष्ट जाता जाता. तुमच्याकडे आपल्यातलेच रुग्णही येतील: पेंटाझोसिन या सवय लावणाऱ्या वेदनाशामकाची इंजेक्शनं स्वतःला टोचणारा कंपाउंडर, झोपेच्या गोळ्यांवर गेलेली डॉक्टर. त्यांना ओपीडीच्या रांगेत बसवू नका, संध्याकाळी बोलवा, आणि नोंदवहीची गुप्तता पाळता येते हे त्यांना आधी दाखवा.

आता तुमच्या बाँडचे उरलेले महिने. सीट ठरवण्याआधी एवढं करा. आठवड्यातला एक दिवस आणि वेळ ठरवून बाहेर पाटी लावा. पाटीवर ‘व्यसनमुक्ती’ लिहू नका, ‘झोप, भूक, थरथर, दारू-तंबाखूचा त्रास’ असं लिहा, लोक येतात. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका तपासणारा) भरतात, त्यात दारू-तंबाखूचा प्रश्न आहेच. उत्तर ‘हो’ आलं की पुढे काहीच होत नाही. ते ‘हो’ तुमच्या त्या दिवसाला जोडा. आलेल्या प्रत्येकाला जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट प्रश्नावली विचारा, दहा प्रश्न, चाळीस गुण. आठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका, वीस किंवा जास्त असतील तर आहारी गेल्याची शक्यता धरून तपासा. मात्रा विचारताना ‘पेग’ सोडा आणि क्वार्टर विचारा; १८० मिलीची विदेशी दारूची क्वार्टर म्हणजे जवळपास सहा स्टँडर्ड ड्रिंक. साध्या वहीत गाव, गुण, शेवटची कधी घेतली, सोबत कोण आलं आणि पुढची तारीख, एवढे रकाने पुरे. पूर्वी फिट किंवा डिलिरियम होऊन गेलेल्याला पीएचसीत ठेवण्याचं धाडस नको, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवा, आणि तिथल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांशी आजच फोनवर ओळख करून घ्या, म्हणजे तुमची चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस परत पाठवला जाणार नाही. अडलं तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे नंबर रुग्णाला लिहून द्या.

थायमिनची इंजेक्शनं तुमच्या साठ्यात बहुधा नसतील. पुढच्या इंडेंटमध्ये टाका, आली नाहीत तर रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत स्थानिक खरेदीचा विषय काढा. श्रावणाच्या आधी हाताशी हवीत. तीनेक महिन्यांनी त्या वहीत काय दिसतंय ते इथे लिहा: गुणांपेक्षा गावाचा रकाना जास्त वेळा उलटून बघत असाल तर पीएसएम, आणि पुढच्या तारखेला कोण आलं नाही याची रात्री चुटपुट लागत असेल तर सायकियाट्री, असं मी सांगेन.